काहिलीतला हात

— त्यो गुळ खा आधी, ताई, मग पुढचं सांगतो. खा की, लाजताय काय! दवाखान्याच्या बाकड्यावर बसून गुळ खाऊ नये असं कुठं लिवलंय? अन् बिऊ नका, मी हात न्हाई लावलेला त्याला — म्हंजे आज न्हाई लावला — सुनंनं, रुपालीनं, फडक्यात बांधून दिलाय वाटंत खायला. मला न्हाई जात खाली. तुमच्या सासूबाईंना आत फोटूला नेलंय न्हवं? मग येळ हाय. फोटूला लई येळ लागतो. माझा नंबर तर त्या खांबापाशी बसल्यात त्या समद्यांच्या मागं. नंबर येऊच नये असंबी वाटतंय अन् एकदाचा यावा असंबी वाटतंय, काय म्हनावं या जिवाला!

मगा तुमी विचारलंत न्हवं, काय करता म्हनून? गुळव्या हाय मी. पुंजाराम गुळव्या, पाथर्डीकडचा. सावेडीत राहता म्हनल्यावर तुमाला गुळव्या कुठनं ठाऊक असनार — गुळ दुकानात मिळतो, त्याच्या आधी त्यो कुठं असतो ते कोन बगतंय! तर गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो. काहील म्हंजे ही एवढी, ह्या व्हरांड्याच्या रुंदीची लोखंडी कढई. खाली रस काढलेल्या उसाच्या चिपाडाचा जाळ. रस आटत आटत पाक हुतो, वर पिवळा फेस, अन् मग एक येळ येती, तवाच काहील उतरवायची. आधी उतरवली तर ढेप बसत न्हाई, मागनं उतरवली तर गुळ करपतो. ती येळ सांगायला कुठलं यंत्र न्हाई. गुळव्याचा हात हाय. गार पान्यात बोटं बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालायची, चिमूटभर उचलायचा, परत पान्यात, गोळी वळायची अन् काहिलीच्या काठावर मारायची — टण्ण वाजली की उतरवा! पैल्यांदी मी हात घालायचो तवा हात आपला आपन मागं यायचा. मी म्हनायचो घाल, हात म्हनायचा न्हाई. माझा वस्ताद हसून लोळायचा. मग हळूहळू शिकला हात. शिकला म्हंजे कसा — वरनं मी डोळं वटारून बसलो, म्हनून खाली त्यो गप ऱ्हायला.

अन् आता ऐका गंमत. म्हंजे तवा मला ती गंमतच वाटत हुती. मागल्या दोन हंगामात मी गार पानीबी सोडलं. कोरडा हात, सरळ पाकात! आमचे मालक, लालमहंमदभाई, राहुरीच्या अंगाला त्यांचं गुऱ्हाळ, लई माया करत्यात माझ्यावर — कोनी पाव्हना आला की आधी मला हाक. “पुंजाराम, जरा हात दाखव ह्यांना.” मी दाखवायचो. बाया तोंडाला पदर लावायच्या, पोरं मोबाईलवर शूटिंग घ्यायची. कुनीतरी त्याच्यावर गानं लावून पाठवलं समद्या तालुक्याला, आमच्या अजिनाथनं, माझ्या लेकानं, दाखवलं मला. छाती अशी फुगली हुती, काय सांगू. फोड यायचा कदीकदी. पर दुखायचा न्हाई. मी म्हनलं, कातडं कमावलं आपन. एवढं आयुष्य जाळापाशी काढलं त्याचं देवानं कायतरी दिलं. अशी अक्कल माझी, ताई. बक्षीस समजून बसलो.

मग आली अश्विनी. माझ्या भावाची नात, हिथं नगरलाच नर्सिंगला हाय — आता अहिल्यानगर म्हनायचं, पर तोंडाला जुनंच येतं. तिची परीक्षा हुती अन् तिला तपासायला एक मानूस पायजे हुता. मला खाटंवर बसवलं, पाय मोकळं सोडा म्हनली नाना, अन् रबराची हातोडी घेऊन गुडघ्याच्या वाटीखाली टाप! पाय उडाला की माझा! मी म्हनलं, म्या न्हाई उडवला गं. ती म्हनली, “तुम्ही नाहीच उडवला, मणक्यानं उडवला.” रिफ्लेक्स म्हनत्यात त्याला, पुस्तकात प्रतिक्षिप्त क्रिया असं मोठं नाव हाय. डोक्याला विचारायचं कामच न्हाई. कातडीचा सांगावा नसंतनं मनक्यात जातो अन् मनकाच परस्पर हुकूम सोडतो — वढ! — मेंदूला मागनं कळतं. म्हंजे तलाठ्यानंच निकाल देऊन टाकायचा अन् कागूद वर मंत्रालयात नुसता म्हाईतीसाठी धाडायचा. सरकारात असं झालं असतं तर काय पायजे हुतं! हसलात? हसा, हसा. मलाबी लई हसू येत हुतं त्या दिवशी.

तिला पाठ करायचं हुतं अन् मला ऐकायचं हुतं, जोडी जमली आमची. त्याचे परकार किती, सांगतो. काही खोलातले — सांध्यापाशी जी शिरंसारखी दोरी असती तिला ठोकलं की उठनारे, गुडघा, कोपर, टाच. हे समद्यात चपळ, सांगाव्याला वाटंत एकच थांबा. काही वरवरचे, कातडीवरचे — तळपायाला किल्ली वढली की बोटं मुडपत्यात, पोटावर रेघ वढली की पोट थरारतं. चटका बसला की हात मागं येतो, त्योबी कातडीचाच, त्याला थांबं जरा जास्ती. मग काही मनक्यात ठरनारे, तर काही डोक्याच्या देठात — डोळ्यात बत्ती मारली की बुबुळ बारीक, धूळ आली की पापनी बंद, शिंक, ठसका. काही पार आतल्या आत, आतड्याचे, काळजाचे, त्यांचा आपल्याला पत्ताबी न्हाई. अन् मोठी वाटनी सांगितली तिनं — एक जन्मताच आनलेले, एक शिकलेले. चिंच म्हनलं की तोंडाला पानी सुटतं का न्हाई? सुटलं बगा तुमाला! हे शिकलेलं. ज्यानं चिंच कदी चाखलीच न्हाई त्याला न्हाई सुटत.

एक मातर मला आवडलं न्हाई तिचं. आमची चिमी, माझी नात, अजिनाथची पोर, जन्मली तवा मी बोट पुढं केलं तर तिनं घट्ट धरलं हुतं. डोळं अजून उघडलं नव्हतं अन् बोट धरलं माझं! मी समद्या गावाला सांगत हुतो, आज्याला वळखलं म्हनून. तर ही अश्विनी म्हनती, नाना, त्योबी रिफ्लेक्सच, तान्ह्या लेकराच्या तळहाताला काहीबी लावा, ते धरतंच. काठी लावली असती तरी धरली असती. मी म्हनलं, तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव बाई.

हां, तर माझं समदं उडत हुतं, ताई. गुडघा उडाला, कोपर उडालं, बुबुळ बारीक झालं, तळपाय मुडपला. अश्विनी खूश. “नाना, तुम्ही पहिला नंबर!” अन् मी दाराकडं बगत बसलो, चिमी अंगनात कोंबडीच्या मागं पळत हुती. बगतोय, बगतोय, अन् ही मागनं म्हनती — “नाना, मुद्दाम हात का धरून ठेवताय?” मी म्हनलं, कुठला हात? म्हनली, “मी टोचतेय ना.” वळून बगतो तर हिच्या हातात टाचनी, अन् माझ्या बोटावर रगताचा थेंब. अन् बाकीच्या बोटांवरबी. ती समद्या बोटांना टोचून आली हुती, ताई, अन् मी कोंबडी बगत हुतो.

मला वाटलं हसंल. न्हाई हसली. डोळं मिटा म्हनली, मग कापूस घेतला, मग टाचनी, सांगा म्हनली कुठं लावलं. मी आपलं अंदाजानं ठोकत गेलो. मग तिनं हातोडी पिशवीत घातली. चहा केला हुता रुपालीनं, त्यो तसाच ठेवला. जाताना बाजूला घेऊन म्हनली, नाना, लौकर दाखवा. मी म्हनलं, काय असंल गं? ती म्हनली, ते डॉक्टर सांगतील. पर तिच्या तोंडावर दिसत हुतं समदं.

आता मी काय म्हनतो ते ऐका, अन् तुमाला पटतंय का सांगा. अश्विनीनंच आनखी एक सांगितलं हुतं, की मेंदू वरनं रिफ्लेक्स दाबून धरू शकतो. आईच्या हातात तापलेलं पातेलं असतं, खाली लेकरू असतं, तवा ती पातेलं टाकत न्हाई. हात भाजतो, पर टाकत न्हाई. तसाच माझा हात. शिकवलेला हात हाय ह्यो! एवढी वर्सं त्याला गप ऱ्हा, गप ऱ्हा म्हनलं, शिकला त्यो. टाचनीचं काय घेऊन बसलात, उकळता पाक सोसनारा हात टाचनीला कशाला हलंल? बराबर हाय का न्हाई? बराबर हाय. डॉक्टरलाबी हेच सांगनार हाय मी. डॉक्टर म्हनंल, अरे व्हय की, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई, जा घरी —

पर ताई, दाबून धरायला ध्यान असावं लागतं न्हवं?

मागल्या महिन्यात काहिलीखालच्या चुलानापाशी बसलो हुतो. भाईंशी बोलत हुतो, कुठलं तरी लग्नाचं. ध्यान बोलन्यात. अन् वास यायला लागला. करपल्याचा. मी म्हनलं, भाई, काय तरी जळतंय बगा, कुनाचं फडकं पडलं का जाळात? इकडं बगितलं, तिकडं बगितलं. माझाच हात हुता. जळकं चिपाड उडून हातावर पडलं हुतं अन् तिथंच बसून जळत हुतं. मला वासानं कळलं, ताई. सोत्ताच्या हाताचं मला नाकानं कळलं. त्या येळेला कोन दाबून धरत हुतं? कोनीच न्हाई. वर मी गप, अन् खाली त्यो तलाठीबी गप. त्याच्यापर्यंत सांगावाच पोचला न्हाई. तवापास्नं झोप गेली माझी. भीती वाटती, लई भीती वाटती. एवढा मोठा मानूस मी, पर लेकरागत घाबरलोय.

साखरंनंबी असं हुतं म्हनत्यात. हात, पाय बधिर हुत्यात. रोज देवापाशी बसून साखर मागतोय मी! देवा, मला साखरेचा रोग दे, हवं तर दोन मानसांचा दे, पर त्यो दुसरा नको. त्यो हो... नाव घ्यायला लावू नका. जवळ या जरा, मोठ्यानं नको — महारोग.

— बगा! बगा ताई, हात मागं गेला तुमचा. न्हाई न्हाई, राग न्हाई मला. तुमी न्हाई वढला त्यो, आपला आपन गेला, तुमच्या तोंडाला अजून कळायचं हुतं अन् हात पदराखाली गेलाबी. गुळाचा खडाबी खाली ठेवलात. असू द्या. पर ही क्रिया कुठली, जन्मताच आनलेली का शिकलेली? ही शिकलेली, ताई. तान्हं लेकरू न्हाई मागं घेत हात, ते धरतंच. बसा, बसा. त्या कडंला सरका हवं तर, पर बसा. एकट्यानं बसवत न्हाई मला हिथं.

अश्विनी फोनवर सांगत हुती, आता पैल्यासारखं न्हाई नाना, गोळ्या मिळत्यात, फुकट मिळत्यात, सुरू केल्या की दुसऱ्याला लागायची भीती ऱ्हात न्हाई, मानूस घरातच ऱ्हातो. बरं हुतं म्हनली. मी विचारलं, हाताचं गेलेलं परत येतं का? तर म्हनली, लौकर गेलात तर थोडंफार. लौकर! अन् ह्यो बगा — दाखवतो, कोनाला न्हाई दाखवलेला — ह्या उन्हाळ्यात बी मी पुऱ्या बाह्यांचा सदरा का घालतो, रुपाली रोज विचारती. ह्यो डाग. फिक्का, रुपयाएवढा हुता, आता तळहाताएवढा हाय. घामबी येत न्हाई त्याच्यावर. त्यो कवाचा हाय ते विचारू नका. झाकतो, झाकतो, खांबापाशीची मानसं बगत्यात.

मला माझ्यासाठी भ्या न्हाई, खरं सांगतो. गुऱ्हाळ गेलं तर जाऊ दे. पर ती चिमी दिवसभर माझ्याकडंच असती. माझ्या ताटात जेवती. मला वाटलं, माझं तिला लागलं असंल तर? तर काय केलं मी — तुमी मला काय म्हनाल, म्हना — दुपारची ती खाटंवर झोपली हुती, रुपाली भाकरी थापत हुती, अन् मी सुई घेतली अन् तिच्या तळपायाला टेकवली. एवढीशीच, जीव मुठीत धरून, टेकवली. पाय झटक्यात मागं गेला, ताई! आधी पाय गेला, मग डोळं उघडलं, मग माझ्याकडं बगितलं, अन् मग रडली. रडू मागनं आलं. अश्विनीनं सांगितल्यागत, अगदी बराबर मागनं! मी हसलो. ते लेकरू रडत हुतं अन् मी हसत हुतो, डोळ्यांत पानी अन् हसतोय. रुपाली आतनं म्हनली, का रडली हो? मी म्हनलं, मुंगी चावली. एवढं बोललो अन् मागच्या दारी जाऊन बसलो. लेकराला सुई लावली मी. कुठला आजा लावतो?

अन् तरीबी आलो नसतो मी हिथं. त्या सुईनंतरबी न्हाई. सदरा घालून फिरलो असतो. पर परवा पाथर्डीच्या बाजारात... हे रुपालीला ठाऊक न्हाई. अजिनाथला न्हाई. कोनालाच न्हाई. चिमीला बाजार दाखवायला घेऊन गेल्तो. ती नेहमी माझं बोट धरून चालती, ह्याच हाताचं. गर्दी लई, जीपा उभ्या, यष्टी वळत हुती. मी आपला पुढं बगून चाललोय, तिच्याशी बोलतोय — ती बग चिमे, कलिंगडं, ती बग बांगडीवाली — अन् ती काय बोलंना. खाली बगितलं. हात मोकळा. कवा सुटली ते मला कळलंच न्हाई! बोट धरलेलं अन् बोट सुटलेलं, मला दोन्ही सारखंच, ताई. मी कुठवर मोकळा हात घेऊन तिच्याशी बोलत आलो हुतो, देव जानं. यष्टीच्या मागच्या चाकापाशी बसली हुती, चिरमुऱ्याचं दानं गोळा करत. उचलली, उराशी धरली, अन् माझा गुडघा असा लटालटा उडत हुता की त्याला हातोडी लागत नव्हती. घरी येऊन सांगितलं, मजा झाली बाजारात. अन् तवापास्नं मी तिला बोट देत न्हाई. ती रडती, मागती, मी हात मागं बांधून चालतो. तिला वाटतं आज्जा रुसला.

म्हनून आलोय. ह्या डॉक्टरांनी त्या रोगाचं नाव सांगितलं की रुपाली पोर माझ्याकडं देईल का न्हाई, ते तिच्या हातात. देनार न्हाई. मी तरी दिली असती का? तुमचा हात कसा मागं गेला बगितला न्हवं मी.

ताई, एक काम करा माझं. नंबर यायच्या आत. तुमच्या पिशवीत पेन हाय. मी डोळं मिटतो, तुमी नुसतं पेनाचं टोक लावा माझ्या बोटांना. लांबनंच लावा, हात लावू नका. कदाचित अश्विनीचंच चुकलं असंल, शिकाऊ पोर ती. एकदा कळलं तरी बास. मग मी आत जाऊन छाती काढून सांगतो, हात शिकवलेला हाय म्हनून. ह्यो ठेवला मधे, बाकड्यावर. मिटलं डोळं.

हां. लावा.

लावा की... लावलं का? सांगू नका, मी सांगतो. ह्या — ह्या मधल्या बोटाला, व्हय ना? न्हाई? मग करंगळीला? आत दार वाजलं, सासूबाई आल्या का? ताई? उठून गेलात न्हवं? गेला असाल तर लई चांगलं झालं बगा, राग न्हाई माझा. तुमी बिऊन गेलात, कोनी शिवलंच न्हाई हाताला, म्हनून मला लागंना. तसंच असनार. देवा, गेलेली असू दे ही बाई. बाकडं मोकळं असू दे. उघडतो डोळं —

ताई.

तुमी हिथंच हाय.

पेन तर पिशवीतच हाय. हात धरलाय तुमी माझा. दोन्ही हातांनी. घट्ट धरलाय, नखं पांढरी पडल्यात तुमची. कवापास्नं?

नका रडू. अवो, नका — हाक आली बगा. पुंजाराम? व्हय, मीच, आलो, आलो! त्यो गुळ ऱ्हाऊ द्या तिथंच, नसंल खायचा तर. जातो मी. दाराकडं बगत जातो, खाली बगितलं तर पाय न्हाई उचलायचा. सोडा आता हात, ताई.

सोडला का?